पहिल्या स्लॉटचा मान

विनीतनं बटण दाबलं. नऊ पंखे एकदम फिरले, काचेआड निळे-तांबडे दिवे पेटले, पडवीत जमलेल्या पंचवीस-तीस माणसांनी तोंडाचा 'आ' केला, आणि तो मिटायच्या आत सगळं विझलं.

"झाला?" हैबतीतात्यांनी विचारलं.

"नाय तात्या. बंद पडला."

"एवढ्यात? आमचा विहिरीवरचा पंप पण जरा वेळ चालतो, मग बंद पडतो."

तरीही कुणी जागचं हललं नाही. जेवढं दिसलं होतं तेवढंच पुष्कळ होतं. सहदेव, म्हणजे विनीतचा बाप, दाराला टेकून उभा होता. त्याच्या घरात एकच पंखा होता आणि तोही अधूनमधून रुसायचा. पोराच्या एका कॉम्प्युटरच्या पेटीत नऊ पंखे आहेत हे त्यानं दोनदा मोजून बघितलं, पण तोंडानं काही बोलला नाही. बापानं लगेच कौतुक केलं तर पोर डोक्यावर बसतं अशी त्याची समजूत होती.

पळसवाडी म्हणजे पोलादपूरजवळच्या कापड्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी, चाळीसेक घरांची वाडी. घरं दोन आळ्यांत वाटलेली, वरची आळी आणि खालची आळी. पाणी वरून खाली वाहतं, एवढी एकच गोष्ट या दोन आळ्यांनी आजवर वाद न घालता मान्य केली आहे. बाकी कुठल्याही गोष्टीत मान कुणाचा हे आधी ठरतं आणि गोष्ट मागाहून होते. होळीचा पहिला नारळ वरच्या आळीचा, पालखीला पहिला खांदा खालच्या आळीचा. शिवाय मुंबई मंडळ नावाची एक तिसरी आळी आहे. ती वर्षातून दोनदा गाडीत बसून येते आणि आल्या आल्या सत्काराचे नारळ स्वीकारते.

विनीत तीन वर्षं मुंबईत एका स्टुडिओत होता. तिथे तो कॉम्प्युटरवर साबणाचा फेस काढायचा. जाहिरातीत बाई अंघोळ करते तो फेस खरा नसतो, विनीतचा असतो, हे वाडीत कुणालाच खरं वाटलं नव्हतं. त्या फेसाला कंटाळून तो गावी परतला आणि माजघरात बसून इकडची तिकडची कामं करू लागला. गावाच्या भाषेत, पोरगा घरी बसला.

सहदेवनं मुदत घालून दिली होती. "जत्रेपर्यंत. तू काय करतोस ते गावाला दिसू दे. गावाला पटलं तर ऱ्हा बाबा सुखानं. नायतर मामानं कांदिवलीत सुपरवायझरची जागा बघून ठेवलीय."

म्हणून विनीतनं गावदेवी वाघजाईचं जुनं देऊळ कॉम्प्युटरवर करायला घेतलं. ते लाकडी, कौलारू देऊळ पस्तीस वर्षांपूर्वी उतरवलं आणि त्या जागी स्लॅबचं बांधलं. जुन्याचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याला पोलादपुरातून आणायचं ठरलं होतं, पण त्याला आणायचा मान कुणाचा हे ठरेस्तोवर कौलं उतरवून झाली होती. उरली होती ती साळूआजीची आठवण. खालच्या आळीतली ही ऐंशी पार केलेली म्हातारी लहानपणापासून त्या देवळात झाडलोट करायची. थंडीभर ती विनीतच्या शेजारी बसून सांगत राहिली, खांब किती, कुठल्या खांबाला गाठ, कुठली पायरी झिजलेली, आणि विनीत ते कॉम्प्युटरवर उभं करत गेला. सात मिनिटांची फिल्म जत्रेत मोठ्या पडद्यावर दाखवायची होती.

आता अडचण एवढीच की, असली फिल्म म्हणजे दहा-बारा हजार चित्रं, आणि त्यातलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरला रंगवावं लागतं. ते रंगवतं ग्राफिक्स कार्ड. विनीतच्या जुन्या कार्डाला त्यासाठी पंचवीस दिवस लागले असते. नवीन तगडी तीन कार्डं एकदम लावली तर चार दिवस. हे त्यानं देवळात बोलून दाखवलं मात्र, हैबतीतात्या उठले आणि म्हणाले, "एक वरची आळी देणार." भिकूनाना बसल्या जागेवरून म्हणाले, "मग एक खालची आळी देणार." मुंबई मंडळाचे सेक्रेटरी दीपेश फोनच्या स्पीकरवर होते. ते म्हणाले, "तिसरं मंडळातर्फे. पण त्यावर मंडळाचं नाव ठळक पाहिजे."

विनीतला भरून आलं. ज्या गावाला तो काय करतो हे ठाऊक नव्हतं, त्या गावानं त्याला तीन कार्डं दिली होती. त्यातून पुढे काय निघणार हे त्याला तेव्हा कळलं असतं, तर तो मुकाट्यानं कांदिवलीला गेला असता.

कार्डं आली तेव्हा जत्रेला नऊ दिवस होते. तिन्ही एकाच दुकानातली, एकाच मापाची, हातात धरली तर विटेसारखी जड. तुळसानं, म्हणजे विनीतच्या आईनं, तिन्ही खोक्यांना कुंकवाचं बोट लावलं. आणि विनीत पहिलं कार्ड बसवायला वाकला तेवढ्यात हैबतीतात्यांनी विचारलं, "ह्या खाचा तीन हायत. ह्यांच्यात पयली कुठली?"

"ही वरची, तात्या. पहिला स्लॉट."

"मग तिथं आमचं."

"का म्हणून?" भिकूनाना पुढे आले. "दरवेळी पयलं तुमचंच?"

"वरची खाच वरच्या आळीला, खालची खाच खालच्या आळीला. ह्याच्यात बोलायचं काय हाय?"

बोलायचं पुष्कळ होतं. ते दुपारपर्यंत बोलून झालं. शेवटी विनीतनंच वाट काढली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र नेणारी वायर तिन्हींपैकी कुठल्याही एका कार्डाला लावली तरी चालते, असं त्यानं सांगितलं. मग ठरलं. पहिला स्लॉट वरच्या आळीला, पडद्याची वायर खालच्या आळीच्या कार्डाला, आणि मुंबई मंडळाला तिसरा स्लॉट, पण नावाची पट्टी काचेतून सगळ्यांना दिसेल अशी. ठराव वाघजाईपुढे नारळ ठेवून पक्का झाला. यात आता बदल नाही, असं दोघांनी हात जोडून म्हटलं. विनीतनंही म्हटलं. तेव्हा त्याला आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

त्यानंतर बटण दाबलं, आणि पेटलेलं सगळं विझलं, ते सुरुवातीला सांगितलंच.

विनीतनं निदान केलं की, पेटीतला पॉवर सप्लाय तीन कार्डांना पुरत नाही. सहदेवला हे बरोबर समजलं. "तीन बैल बांधलेस नि पेंढा एकाचा टाकलास," तो म्हणाला. विनीत महाडला गेला, तिथं हवा तो सप्लाय नव्हता, दुकानदारानं पनवेलहून मागवून दिला. परतताना हायवेवर ट्रकांच्या रांगेत जीप दोन तास अडकली. या सगळ्यात दोन दिवस गेले.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा पडवीत साठ माणसं होती. पंखे फिरले, दिवे लागले, आणि यावेळी विझले नाहीत. पेटीतून 'टींक' असा एकच नाजूक आवाज आला. माणसांनी हात जोडले. मग सगळे पडद्याकडे बघत बसले. पडदा काळा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडदा काळाच राहिला.

"टींक म्हंजे काय रे?" भिकूनानांनी हळू आवाजात विचारलं.

"टींक म्हणजे सगळं ठीक आहे, नाना. बिघाड असला तर तो चार-पाच वेळा ओरडतो."

"मग दाखवत का नाय काय?"

"तेच कळत नाय."

"सगळं ठीक हाय म्हणतो नि करून दाखवत काय नाय," सहदेव म्हणाला. "तुझ्यासारखाच हाय."

पुढचे दोन दिवस विनीतनं पेटीत डोकं घातलं ते जेवायलासुद्धा नीट बाहेर काढलं नाही. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. बोर्डावरचा सेल काढून पुन्हा बसवला. प्रत्येक वायर उपटून पुन्हा खोचली. पडदा शेजारच्या टीव्हीच्या पेटीला लावून बघितला, तिथं तो छान चालला, आणि एका मालिकेतली सासू स्पष्ट दिसली. विनीतला तिचा हेवा वाटला. पेटी मात्र दर वेळी 'टींक' करायची आणि गप्प बसायची. वाडीतली माणसं येताजाता डोकावायची. काळ्या पडद्याबद्दल त्यांचा आदर कमी होत नव्हता, उलट वाढतच होता. नऊ पंखे फिरवून काहीच न करणारं यंत्र त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी विनीतला सुचायला नको ते सुचलं. त्यानं तिन्ही नवीन कार्डं काढली, आपलं जुनं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये बसवलं, वायर त्यालाच जोडली आणि बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला.

पडवीत आरडाओरडा झाला. तुळसानं देवापुढे साखर ठेवली. हैबतीतात्यांनी सहदेवच्या पाठीवर थाप मारली. फक्त भिकूनाना हसले नाहीत, कारण ते विचार करत होते.

"म्हंजे पेटी बरी हाय," ते म्हणाले.

"हो नाना."

"वायर बरी, पडदा बरा."

"हो."

"मग खराब काय?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू घोंगडीवर मांडलेल्या तीन कार्डांकडे वळल्या. विनीतच्या लक्षात आलं की आपण एक गोष्ट सिद्ध करून बसलो आहोत, आणि ती सिद्ध करायला नको होती.

"तसं नाय नाना," तो घाईनं म्हणाला. "बहुतेक एकच कार्ड बिघडलेलं असंल. आपण तिन्ही बसवू, मग एकेक काढून बघू. ज्याला काढल्यावर चालेल, ते खराब. साधी रीत आहे."

"पयलं कोणाचं काढणार?" हैबतीतात्यांनी विचारलं.

"वरच्या स्लॉटपासून..."

"म्हंजे आमचं? आधी आमच्यावर संशय?"

"बरं, मग दुसऱ्यापासून..."

"हात लावून बघ!" भिकूनाना म्हणाले. "भरल्या गावात खालच्या आळीचं कार्ड उपटून ठेवणार, नि माणसं काय म्हणतील? खालच्या आळीनं भंगार दिला?"

"मग तिसरं काढतो! मुंबईचं!"

फोन लावला. दीपेश म्हणाले, "काढायला आमची हरकत नाही, पण आधी लेखी कळवा. मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. पुढच्या रविवारी मीटिंग आहे." पुढच्या रविवारी जत्रा होऊन तीन दिवस झाले असते.

विनीतनं गयावया केली. तात्या, हा कुणाचा अपमान नाही, ही तपासणीची पद्धत आहे. नाना, डॉक्टर नाडी बघतो म्हणजे शिवी देतो का? दोघांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मायेनं ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी देवळात बैठक बोलावली. विषय एकच, पहिलं कार्ड कुणाचं काढायचं. तोवर तिन्ही कार्डं ठरावाप्रमाणे आपापल्या जागी बसवायची, वायर ठरावाप्रमाणे खालच्या आळीला, आणि कुणी कशाला हात लावायचा नाही.

बैठक त्या संध्याकाळी उरकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती परत बसली. जत्रेला नेमके चार दिवस उरले होते आणि कामालाही चारच दिवस लागणार होते. अंधार पडेपर्यंत यंत्र सुरू झालं नाही, तर फिल्म होणार नव्हती. सहदेव बैठकीला जाताना उंबऱ्यावर थांबला आणि पोराकडे न बघता म्हणाला, "मामाचा फोन आलेला. एक तारखेपासून ये बोलतो."

विनीत पेटीसमोर बसून राहिला. त्याला रडू येत होतं. मुंबईत त्यानं दुसऱ्यांच्या साबणाचा फेस काढला होता. इथं पहिल्यांदा त्यानं आपल्या देवीची पायरी काढली होती, आणि ती मधोमध किती झिजलेली होती हे सांगताना साळूआजीनं जमिनीवर हात फिरवून दाखवला होता, तो हात त्याला दिसत होता. ती पायरी आता त्या काळ्या पडद्याच्या मागेच राहणार होती.

तुळसा चहा घेऊन आली. तिच्यामागून काठी टेकत साळूआजीही आली. गावातले सगळे पुरुष देवळात असल्यामुळे पडवी आज मोकळी होती, म्हणून आजीला पेटीच्या अगदी जवळ बसता आलं. तिनं बटणाकडे बोट दाखवलं. "दाब बघू."

विनीतनं दाबलं. पंखे, दिवे, टींक, काळोख.

"हा टींक करतो म्हंजे काय बोलतो रे?"

"मी बरा आहे म्हणतो, आजी."

"मग बरा असून गप का बसंल? बोलत असंल तो. तू ऐकाय भलतीकडं बसला असशील." आजीनं पाय लांब केले. "आमचे हे असेच होते. गोठ्याकडं तोंड करून बोलायचे नि मी चुलीपाशी. वर मलाच बोलायचे, तुला ऐकाय येत नाय. हा कुठल्या तोंडानं बोलतो?"

"तीन तोंडं आहेत ना आजी. एकदा पूर्ण सुरू झाला की कुठूनही बोलतो."

"नि सुरू व्हायच्या आधी?"

"आधी... पहिल्या स्लॉटमधून."

"नि तुझी वायर कुठं हाय?"

चहाचा कप त्याच्या हातात तसाच राहिला. वायर दुसऱ्या कार्डाला होती. खालच्या आळीच्या. चार दिवस तो पेटीतली एकूण एक गोष्ट उपटून बघत होता आणि त्या एका वायरीवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण तिच्यावर नारळ ठेवला होता. जुनं कार्ड चाललं ते वायर पहिल्या स्लॉटला होती म्हणून! त्यानं साळूआजीकडे असं बघितलं की जणू वाघजाईच काठी घेऊन पडवीत येऊन बसली आहे.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "वायर वरच्या कार्डाला लावली पाहिजे. पण ठराव आहे. मी देवीपुढे हात जोडलेत."

"तू जोडलेस ना?"

"हो."

"मी नाय जोडले. मला कोण बोलावतंय बैठकीला? तुळसा, तू जोडलेस गो?"

"मी चहा करत होते," तुळसा म्हणाली.

"बाईला कसला मान नसतो, म्हंजे मोडायची भीती पण नाय. कुठली वायर ती? ही काळी?" असं म्हणून साळूआजीनं खालच्या आळीचा मान दोन बोटांत धरून उपटला, विनीतनं दाखवलेल्या भोकात वरच्या आळीच्या कार्डाला खोचला, आणि हात लुगड्याला पुसले.

पडदा उजळला. काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरात एकच वाक्य होतं. विनीतनं ते वाचलं आणि त्याला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना.

"काय बोलतो?" तुळसानं विचारलं.

"म्हणतो, नवीन कार्डं आलेली दिसतात. पुढे जाऊ का? जायचं असेल तर एफ-वनचं बटण दाबा."

"कधीपासून विचारतोय?"

"चार दिवस, आये. दर वेळी हेच विचारत होता."

"बिचारा," तुळसा म्हणाली, आणि तिला यंत्राची खरोखरच कीव आली. परवानगीवाचून पाऊल न टाकणारं तिच्या पाहण्यातलं ते एकमेव होतं. "दाब की मग!"

विनीतनं दाबलं. यंत्र जागं झालं, तिन्ही कार्डं एका ओळीत हजर झाली, तिन्ही ठणठणीत. त्यानं देवळाची फिल्म कामाला लावली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. पहिलं चित्र रंगून पडद्यावर आलं. पहाटेच्या उजेडातला देवळाचा कळस होता. साळूआजी ते बघत राहिली.

मग तिनं वायर पुन्हा उपटली आणि पहिल्यासारखी खालच्या आळीच्या कार्डाला लावली. "आता चालंल ना तुझा?"

पडदा क्षणभर मिटला, पुन्हा उघडला. चित्र तसंच होतं. एकदा जागा झाल्यावर यंत्राला कुठल्याही तोंडानं बोललेलं चालत होतं. "चालतंय आजी," विनीत म्हणाला.

थोड्या वेळानं बैठक उठली आणि सगळे मिरवणुकीनं आले. ठराव असा झाला होता की, तिन्ही कार्डं एकाच वेळी, तीन मानकऱ्यांनी, एका दमात काढायची. त्यानं काहीच कळणार नव्हतं, पण अपमान कुणाचाच होणार नव्हता. हैबतीतात्यांच्या हातात नारळ होता. मुंबई मंडळातर्फे ओढायला दीपेशच्या चुलत्याला पुढे केलं होतं. ते पडवीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. पडद्यावर कळस होता.

हैबतीतात्यांनी आधी पहिल्या स्लॉटकडे बघितलं. भिकूनानांनी आधी वायरीकडे बघितलं. दोन्ही आपापल्या जागी होतं.

"आमच्या कार्डानं उचललं शेवटी," तात्या म्हणाले.

"पण दाखवलं आमच्यानं," नाना म्हणाले.

साळूआजी काठी घेऊन उठली आणि काही न बोलता घरी गेली.

जत्रेच्या संध्याकाळी देवळासमोर मोठा पडदा लागला. मुंबईची माणसं आली होती, आसपासच्या वाड्यांतली आली होती. लग्नाला बसतात तशी लोकं बसली होती, म्हणजे अर्धी बोलत होती आणि अर्धी पोरांना शोधत होती. विनीत कोपऱ्यात पेटीपाशी उभा होता.

पडदा उजळला. पहाट झाली. धुक्यातून कौलं दिसू लागली, मग फणसाच्या लाकडाचे खांब, मग समईचा मिणमिणता उजेड, आणि बघणारा जसा चालत देवळाकडे निघावा तसं चित्र पुढे पुढे सरकू लागलं. बोलणी थांबली. पायरी जवळ आली, मधोमध झिजलेली, पस्तीस वर्षांपूर्वी मातीत गेलेली.

पहिल्या रांगेत साळूआजी उठली. तिनं चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि पडद्यासमोर अनवाणी उभी राहिली.

मागच्या बायकांनी काढल्या. मग कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या मैदानात चपलांची सळसळ झाली. हैबतीतात्या वाकले. भिकूनाना वाकले. दीपेशना बुटांच्या नाड्या सोडायला वेळ लागला, म्हणून ते एक पाय मोज्यावर आणि एक बुटात असे हात जोडून उभे होते. विनीतनं बापाकडे बघितलं. सहदेव पडद्याकडे एकटक बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"गाठीचा खांब," तो म्हणाला. "त्याला टेकून बसायचो मी. भजन संपेपर्यंत. बा उचलून न्यायचा."

फिल्म संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवळात टाळ्या कोण वाजवतं?

मग एकदम सगळे विनीतभोवती जमले. दीपेश गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी विनीतचे दोन्ही हात धरले. "अरे, तू इथं काय करतोयस? माझ्या ओळखीत मोठा स्टुडिओ आहे. मंडळाच्या वतीनं शब्द टाकतो. उद्या सकाळी आमच्याच गाडीतून चल. सहदेवकाका, पोराचं नशीब उघडलं!"

सहदेवनं डोळे पुसले. "तो कुठं जाणार नाय."

"अहो काका, तुम्हीच तर म्हणत होतात, पाठवायचंय म्हणून!"

"बोललो असंन. तेव्हा मला काय ठाव?" सहदेव तावातावानं म्हणाला. "मुंबईला फेस काढायला माणसं मिळतील तुमाला. इथं मी टेकून बसायचो तो खांब कोण काढणार? हा हितंच ऱ्हाणार. मामाला मी सांगतो."

विनीतला जे हवं होतं ते सगळं एका दमात मिळालं होतं. बापानं भर गावात त्याचं काम आपल्या तोंडानं कबूल केलं होतं.

"बरोबर हाय!" हैबतीतात्या म्हणाले. "पुढल्या वर्षाला जुनी वाडी काढायची. ही बांधायच्या आधीची, पुरानं नेली ती. समदी घरं."

"काढायचीच," भिकूनाना म्हणाले. "घराघरात जाऊन."

"सुरवात वरच्या आळीपासून."

"ती का म्हणून? गावात शिरताना आधी खालची आळी लागते."

"डोंगरावरून उतरताना आधी वरची लागते!"

"डोंगरावरून कोण येतंय गावात? वाघ?"

दोन्हीकडची माणसं हळूहळू आपापल्या म्होरक्याच्या मागे सरकू लागली. कुणी चपला शोधत होतं, कुणी बाह्या सारत होतं. सहदेवनं दोन्ही हात वर केले. "थांबा! भांडताय कशाला? काम ज्याचं, तोच ठरवील. विनीत सांगंल पयली कुठली."

सगळं गाव विनीतकडे वळलं. नुकतंच त्या पायरीकडे ज्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्याच डोळ्यांनी बघू लागलं. विनीतनं हैबतीतात्यांकडे बघितलं, भिकूनानांकडे बघितलं, आणि मग हळूच दीपेशच्या कानाशी लागला.

"दादा," त्यानं विचारलं, "उद्या गाडी किती वाजता सुटते?"